हव्वेचा लेक

पेरूचा हंगाम होता. पेट्यांसाठी खजुरीच्या दांड्या भिजत घालायला मी कालव्यावर गेलो होतो. शहाता चाचा काठावर बसले होते. शाळा तिसरीतच सुटल्यावर फळांच्या पेट्या बांधायला मी त्यांच्याकडेच शिकलो.

"रिफाई, तुझ्या आईचं नाव काय रे?"

मी मान खाली घातली. आमच्या गल्लीत आईचं नाव कोणी सांगत नाही. एकदा पोरांना कळलं, की जन्मभर पुरतं.

चाचा हसले. "शहाणा आहेस. मी सांगून बसलो होतो. नाअसा. म्हणजे झोपाळू. पोरं रोज विचारायची, आई उठली का रे अजून?"

मग त्यांचा आवाज खाली आला. "माझ्याआधीची तीन मुलं गेली. मी तरी जगावं म्हणून ती सात दारी भीक मागत फिरली. म्हणून मी शहाता, भिकेत मिळालेला. मला पुरल्यावर मशिदीतले शेख 'अमकीच्या लेका' अशी आईच्या नावानं हाक मारतील, म्हणजे मेलेल्याला ती आपल्यालाच आहे हे कळतं. नाव सांगायला माझं कोणी उरलं नाही. तू सांगशील?"

"सांगेन, चाचा."

पंधरा दिवसांत चाचा गेले.

माती लोटून झाली. शेख कबरीशी वाकले आणि त्यांनी विचारलं, "आईचं नाव?"

कोणालाच ठाऊक नव्हतं. गल्लीतली पोरं माझ्या शेजारीच उभी होती. नाव माझ्या ओठांवर आलं होतं. ती हसतील, असं वाटलं. तेवढंच. एवढ्याशा भीतीनं मी गप्प राहिलो.

मग नाव ठाऊक नसलं की म्हणायच्या रीतीप्रमाणे शेख म्हणाले, "हे शहाता, हव्वेच्या लेका..."

हव्वा तर साऱ्यांचीच आई.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी शेजारच्या सबाहमावशींचं दार वाजलं. बाहेरून कोणीतरी दमल्या आवाजात म्हणालं, "आई, हाक मारलीस?" त्यांनी दार उघडलं. गल्ली रिकामी. उंबऱ्यावर ओल्या खजुरीचा वास...

"मेली टवाळ पोरं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पलीकडचं दार वाजलं. मग त्याच्या पुढचं. बायका दुपारी कड्या लावून बसू लागल्या. कोणी ओ दिली नाही.

कोण फिरतंय, हे मला एकट्याला ठाऊक होतं. सातव्या दुपारी मी कब्रस्तानात धावत गेलो. ऊन रणरणत होतं. मी जोरात म्हणालो, "शहाता, नाअसाच्या लेका!" पुन्हा म्हणालो. घसा बसेपर्यंत म्हणत राहिलो. माती गप्प होती. रिकाम्या घराला हाक मारावी, तसं वाटलं. ऐकायला तिथं कोणी नव्हतंच.

घरी आलो, तर दार सताड उघडं. आई भाकरीचं पीठ मळत होती.

"मघाशी दारातून तूच ना रे हाक मारलीस?" तिनं विचारलं. "हात पिठात होते. म्हटलं, ये बाळा, आत ये..."

मी काहीच बोललो नाही. तेव्हाही.

याला आता दोन वर्षं झाली. मी तिचा एकुलता एक. रोज कामावरून येतो, कडी लावायला वळतो, आणि ती चुलीपाशीच बसून हळूच म्हणते,

"थांब, लावू नकोस. तुझा थोरला भाऊ मागून येतोय."