कानावरचे ऊन

निवड चाचणीचा अधिकृत अहवाल सांगतो: ‘दृष्टिबाधित खेळाडूस दिशाभ्रम झाल्याने गोळाफेकीचे तिन्ही प्रयत्न क्षेत्राबाहेर पडून बाद.’ खाली चार पंचांच्या सह्या. पाचवी माझ्या दिशादर्शकाची. वाक्य व्याकरणशुद्ध आहे, एवढाच त्याचा गुण. मला दिशा दिसत नाही. ती दिली जाते. मग भ्रम कोणाचा?

ती देणारा तीन वर्षांपूर्वी मैदानावर मोजणीची फीत धरायचा. एका दुपारी माझा गोळा त्याच्या बुटाशेजारी रुतला.

“लोक स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतात, हे माहीत होतं. तुम्ही दुसऱ्याच्या पायावर गोळा टाकता?”

“मध्ये पाय तुम्ही ठेवलात. दिसत नव्हतं का?”

तो हसला… आणि दुसऱ्या दिवसापासून क्षेत्राच्या मधोमध, गोळ्याच्या टप्प्यापलीकडे उभा राहू लागला. दोन टाळ्या — आणि मी त्या आवाजाच्या रोखाने फेकायची. दुपारी चारला ऊन नेमके माझ्या उजव्या कानावर असे. गोळा रुमालाने पुसून तो माझ्या तळव्यात ठेवी. बोटे मात्र काढून घ्यायला विसरे. मीही आठवण करून देत नसे.

निवड झाली असती तर वर्षभराचे दूरचे शिबिर, तिथला नेमलेला दिशादर्शक. माझ्या वयाला ती शेवटचीच संधी. “मला विसरशील,” तो म्हणाला होता. आवाज विसरण्याची चैन मला परवडत नाही, असे मी त्याला सांगितले होते.

चाचणीच्या दिवशी तेच मैदान, तीच वेळ. ऊन मात्र कानावरून गालावर सरकलेले. मला ते कळले होते. पहिला प्रयत्न बाद होताच तो धावत आला — खांदा लवकर उघडतेस, म्हणाला. मी खांदा सावरला. अविश्वास दाखवला तो गालावर, टाळीवर नव्हे. चार डोळस पंच गोळा कुठे पडतो ते पाहत होते. टाळी कुठून येते, हे पाहण्याची तसदी एकानेही घेतली नाही.

काल चार वाजता मी त्याला पुन्हा समोर उभे केले. टाळ्या वाजल्या. ऊन कानावर होते. मी गोळा खाली ठेवला आणि विचारले, त्या दिवशी तू कुठे उभा होतास? तो जे बोलला, ते अहवालाला जोडावे म्हणून शब्दशः देते:

“तुझ्या उजवीकडे दहा पावलं. शिबिरात तुझ्यासाठी दुसरं कुणीतरी टाळी वाजवणार… मला सहन होईना. पहिल्यांदा वाटलं, एकदाच सरकू. मग तिन्ही वेळा सरकलो.”