वहिनींनी दिलेली जागा

अंगणात रांगोळीच्या पांढऱ्या रेघा आखून लीला आपल्या होणाऱ्या घराचं स्वयंपाकघर मापत होती, तेव्हा आत फोन वाजला...

भोपाळच्या त्या सरकारी कारखान्याच्या वसाहतीत, क्वार्टरच्या एवढ्याशा अंगणात तिनं अशी कितीतरी घरं आखली होती आणि पुसली होती. गोपीनाथराव कारखान्यात फोरमन. त्यांची निवृत्ती आता अगदी तोंडावर आली होती. निवृत्त झालं की क्वार्टर सोडायचं आणि गुहागरच्या अलीकडे त्यांच्या गावी, समुद्राला लागून असलेल्या नारळीच्या जागेत स्वतःचं घर बांधायचं, हे लग्नापासून ठरलेलं होतं. लीला नागपूरची. नव्या नवरीच्या हिरव्या चुड्यानिशी तिनं आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला, तो त्याच जागेत उभं राहून. गोपीनाथराव तेव्हा हलकेच म्हणाले होते, "इथंच आपलं घर." त्या एका वाक्याच्या आधारावर तिनं इथले रखरखीत उन्हाळे काढले, परक्या भाषेच्या बाजारात भाज्या घेतल्या, अलकाला वाढवलं, तिचं लग्न करून तिला इंदूरला पाठवलं. मन मात्र सदैव त्या लाटांच्या काठी राहिलं.

फोनवर दत्तूभावजी होते, गोपीनाथरावांचे धाकटे भाऊ. आवाज आनंदानं भरून आला होता. जोतं झालं, येत्या पंचमीला घराची चौकट बसवायची आहे, तुम्ही दोघांनी यायलाच हवं, असं ते सांगत होते. लीलानं कौतुकानं विचारलं, घर कुठं बांधताय?

"कुठं म्हणजे? समुद्राकडच्या जागेत, वहिनी. दादानं ती माझ्या नावावर केली, तेव्हाच मी ठरवलं होतं. चौकटीला पहिलं कुंकू तुमच्याच हातचं."

पुढचं तिला ऐकू आलं नाही. तिनं हो-हो म्हटलं, फोन ठेवला आणि उंबऱ्यातच बसली. समोर रांगोळीचं स्वयंपाकघर होतं, मधोमध तिनं ओट्यासाठी ठेवलेली वीट होती. वारा आला आणि एकेक रेघ विस्कटू लागली. ती नुसती पाहत राहिली...

संध्याकाळी भोंगा झाला, गोपीनाथराव आले. सायकल भिंतीला लावून त्यांनी नेहमीसारखं पाणी मागितलं. लीलानं तांब्या पुढं ठेवला आणि शांतपणे सांगितलं, दत्तूभावजींचा फोन होता, चौकट बसतेय. त्यांचा हात तांब्याजवळ गेला आणि तिथंच राहिला. एवढ्यानंच तिला सगळं कळलं.

मग ते तुटक तुटक बोलू लागले. आई अंथरुणाला खिळली होती, ती सारी वर्षं दत्तूनं आणि त्याच्या बायकोनं, वंदनानं तिचं केलं. दत्तूनं त्यापायी बाहेरची नोकरी सोडली. आपण थोरले, आपण काय केलं? मे महिन्यात जाऊन चार दिवस पाय चेपले. त्या समुद्राकडच्या जागेखेरीज माझ्यापाशी द्यायला काहीच नव्हतं, म्हणून देऊन टाकली.

लीला ऐकत होती. देण्याचं तिला दुःख नव्हतं; ते वाटायला हवं होतं, तरी वाटत नव्हतं. काळजात रुतत होतं ते निराळंच. साकेत नगरात वसाहतीतल्या लोकांनी सोसायटी काढली, तेव्हा शेजारच्या वैजयंतीबाई तिला प्लॉट घेण्यासाठी किती विनवत होत्या! "आम्हाला कशाला? आमचं घर समुद्रावर होणार," असं तिनं ह्याच ओसरीत बसून हसत सांगितलं होतं. गोपीनाथराव शेजारीच वर्तमानपत्र वाचत होते. जागा तेव्हा दिलेली होती... आणि त्यांनी वर्तमानपत्रातून मान वर केली नव्हती.

"मला का नाही विचारलंत?" ती म्हणाली. "मी नाही म्हटलं असतं, असं वाटलं तुम्हाला?"

"नाही. तू हो म्हणाली असतीस, हे ठाऊक होतं." ते खाली बघत म्हणाले. "पण हो म्हणताना तुझा चेहरा कसा झाला असता... तो मला बघवला नसता, लीला."

"म्हणून इतकी वर्षं मला त्या नसलेल्या घरात हिंडू दिलंत. खिडकी कुठं, झोपाळा कुठं, मी विचारायची आणि तुम्ही सांगायचात. मनात कीव येत होती ना माझी?" तिचा स्वर चढला नाही. "मग आज बघा हा चेहरा. नीट बघा."

त्यांना मान वर करता आली नाही.

पंचमीला ती एकटीच गेली. का जातेय, हे तिचं तिलाही उमगत नव्हतं. कदाचित दत्तूभावजींच्या तोंडावर सांगायला, की ही जागा माझ्या नकळत दिली गेली, माझं सारं आयुष्य इथं पुरलेलं आहे. मुंबईपर्यंतची गाडी आणि तिथून एसटी, साऱ्या वाटेनं ती हेच शब्द मनात घोळवत राहिली.

वंदना धावत सामोरी आली आणि जावेच्या पायांवर डोकं ठेवून ढसाढसा रडली. तिला उठवताना लीलाच्या हातात तिचे हात आले... वर्षानुवर्षं एका लुळ्या देहाची लुगडी धुतलेले, सोड्यानं सालपटं निघालेले, बोटांच्या पेरांत कायमच्या भेगा पडलेले हात. वय लीलाहून कितीतरी कमी, आणि कंबर मात्र म्हाताऱ्या बाईसारखी वाकलेली.

दत्तूभावजी तिला चौकटीपाशी घेऊन गेले. मागं समुद्र तसाच गरजत होता.

"दादा कागद घेऊन आला तेव्हा मी नकोच म्हणत होतो," ते सांगू लागले. "तर म्हणाला, ही माझी नाही, लीलाची इच्छा आहे. ज्यांनी आईचं केलं त्यांचीच जागा, असं ती म्हणते. तिच्यापुढं मात्र हा विषय काढू नका, तिला अवघडल्यासारखं होतं, असंही त्यानं आम्हा सगळ्यांना बजावलं. आईनं अंथरुणावरून ऐकलं, वहिनी. त्यानंतर जो भेटायला येईल त्याला ती हेच सांगायची, माझ्या थोरल्या सुनेचं मन बघा केवढं. जाताना तोंडात तुमचंच नाव होतं."

गोपीनाथरावांनी लीलाचं घर नेलं होतं, आणि तिला न विचारता, न सांगता एक थोरवी तिच्या नावानं ह्या उंबऱ्यावर ठेवून दिली होती. हा विश्वासघात मानावा की पूजा? एक शब्द उच्चारला की सारं खोटं ठरणार होतं, गोपीनाथरावांचा शब्द, गेलेल्या सासूबाईंचा आशीर्वाद, आणि वंदनाच्या डोळ्यांतलं ते निःशंक सुख.

वंदनानं करंडा पुढं केला. लीलानं बोट कुंकवात बुडवलं.

"हो," ती म्हणाली. "मीच म्हटलं होतं."

तिनं चौकटीला कुंकू लावलं, आणि मग वंदनाच्या कपाळालाही.

परतली तेव्हा गोपीनाथराव स्टेशनवर उभे होते. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. त्यांनी पिशवी घेतली. घरी आल्यावर त्यांनी भीत भीत विचारलं, दत्तूला खरं सांगितलंस का?

"नाही."

"का गं?"

"तुम्ही माझी तिथं एवढी मोठी बाई करून ठेवलीत... ती बाई खोटी पाडायचं माझ्या जिवावर आलं." ती थेट त्यांच्याकडे बघत म्हणाली. "पण एक ऐका. ती जागा तुम्ही दिली नव्हतीत. दुसऱ्याचं मन न विचारता कुणाला काही देता येत नाही. ती मी दिली, परवा, समुद्रासमोर उभं राहून."

गोपीनाथराव मटकन खाली बसले आणि ओंजळीत तोंड लपवून लहान मुलासारखे रडू लागले. लीला बराच वेळ तशीच उभी राहिली. क्षमा अजून मनात आली नव्हती. ती केव्हा येईल, येईल की नाही, हेही तिला ठाऊक नव्हतं. पण त्या माणसाला असं एकट्यानं रडताना पाहणं तिच्यानं होईना... ती त्यांच्याशेजारी फरशीवर बसली, आणि इतक्या दिवसांचं दाटून आलेलं तिचंही रडू अखेर मोकळं झालं.