सकाळीच अडणारं पिस्तूल

शनिवारी दुपारी जेवून कौस्तुभ जरा आडवा होतोय न होतोय, तोच खालून हाक आली.

"कौस्तुभ, गाडी काढ!"

झालं! सूसच्या या बंगल्यात वरची खोली भाड्यानं घेताना त्याला कुणी सांगितलं नव्हतं, की मालकीणबाई खासगी तपास करतात आणि गाडी मात्र चालवत नाहीत. सुलक्षणाताईंनी विमा कंपनीत बावीस वर्षं खोटे दावे पकडले होते. निवृत्त झाल्या, तरी खोड काही गेली नाही. आणि अकोल्याहून आयटीत नोकरीला आलेल्या बिचाऱ्या कौस्तुभचे शनिवार-रविवार त्यात खर्ची पडत होते.

खाली विशीतली एक मुलगी बसली होती. केस मुलासारखे बारीक कापलेले, हातात बंद पाकीट.

"मी सायली पडळघरे. ताम्हिणीच्या अलीकडं आमची वाडी आहे. मी पिस्तूल नेमबाज. उद्या सकाळी आठला राज्याच्या संघाची निवड चाचणी आहे, आणि माझं पिस्तूल कुणीतरी बिघडवतंय."

"कशावरून?" ताईंनी विचारलं.

"चाप ओढला की नुसतं टक् होतं. गोळी सुटतच नाही. चाचणीत एकदा अडलं तर पुन्हा संधी देतात, दुसऱ्यांदा अडलं की गुण गेले. तीन वर्षं राबलेय मी, ताई. उद्या हुकलं तर पुढची चाचणी वर्षानं. बाबांना आधीच हे पसंत नाही, तीन वर्षांत एकदाही रेंजवर आले नाहीत."

"कधीपासून अडतंय?"

"डिसेंबर लागल्यापासून. तेही सकाळच्या सरावात. आणि दयानंदकाका दुपारी तपासतात तेव्हा शंभरातल्या शंभर सुटतात! रेंजवर दुरुस्तीचं काम त्यांच्याकडं असतं. आणि त्यांची भाची जुईली उद्या माझ्याविरुद्ध आहे." तिनं पाकीट पुढं केलं. "ही त्यांच्याविरुद्धची तक्रार. सकाळी व्यवस्थापनाला देणार."

"सकाळपर्यंत थांबशील?"

"थांबते. पण त्याहून जास्त नाही."

सरळ तर आहे सगळं, कौस्तुभला वाटलं. मामा-भाचीचा डाव. तासाभरात परत येऊन झोपता येईल.

पौडच्या पुढं डोंगराच्या कुशीत रेंज होती. सायली गाडीतच थांबली. आत जुईली पिशवी आवरत होती. ताईंनी आडपडदा न ठेवता विचारलं, तशी ती भडकलीच.

"मी? मला तिला हरवायचंय, हे खरंय. पण तिचं पिस्तूल बंद पाडून जिंकले, तर त्या जिंकण्याचं काय लोणचं घालू? उलट तिची न सुटलेली गोळी मामांसमोर मी माझ्या पिस्तुलात टाकून बघितली. फट्कन सुटली. म्हणजे गोळ्या ओके आहेत."

"आणखी काही लक्षात आलं?"

"सांगू? तिची पेटी उघडली ना, की शाळेतल्या दोन वेण्यांचा वास येतो. मी चेष्टा केली तर मॅडम आठवडाभर बोलल्या नाहीत."

शहरी पोरीचा तोरा! कौस्तुभला तिचा रागच आला. ताई मात्र हसल्या.

दयानंदकाका आतल्या खोलीत होते. साठीचा शांत माणूस. त्यांनी न सुटलेलं एक काडतूस आणि सुटलेल्याचं एक टरफल भिंगाखाली ठेवलं.

"हे बघा. पिन काडतुसाच्या कडेवर आपटते आणि दारू पेटते. सुटलेल्यावर खूण खोल आहे, न सुटलेल्यावर उथळ. म्हणजे ठोसाच अशक्त पडतोय. स्प्रिंग थकली म्हणून नवी घातली. पिन मोजली, झिजलेली नाही. आत घाण नाही. तेल मात्र भरपूर होतं, ते पुसलं. पोरगी निगा राखते हो."

"कधी पुसलंत?"

"गेले दोन बुधवार, दुपारी. नंतर गुरुवार-शुक्रवार बरं चालतं. रविवारी सकाळी पुन्हा येरे माझ्या मागल्या." काकांनी भिंग बाजूला ठेवलं. "तिनं माझं नाव घेतलंय ना? वीस वर्षांत कुणी घेतलं नव्हतं."

कौस्तुभ उगाच भिंतीवरचे नियम वाचू लागला. सरळ वाटणारं प्रकरण आता तितकंसं सरळ राहिलं नव्हतं.

गाडीत ताईंनी सायलीला विचारलं, "तू तेल किती घालतेस?"

"बंदुकीचं खास तेल, एक थेंब. तेही नळीला. पिनेकडचा भाग मी उघडतच नाही, ते काकांचं काम."

वाडीवर पोचले तेव्हा उन्हं कलली होती. अंगणाच्या कठड्यावर खोबरेलाची निळी बाटली उन्हाला ठेवलेली होती. सायलीचे वडील, वाल्मीक पडळघरे, कोयता पुसत बसले होते. शेजारी विळे, कुदळ, कुऱ्हाड, सगळं लखलखीत.

"मुळशीच्या पावसात लोखंडाला गंज नाही?" ताईंनी विचारलं. "कमाल आहे, वाल्मीकभाऊ!"

"त्येला तेल पाजावं लागतंय. दर शनवारी मारुतीला घातलं की अवजारांना. कोरडं लोखांड म्हंजी उपाशी ढोर."

"आणि पोरीचं पिस्तूल?"

वाल्मीकभाऊंचा हात थांबला. "त्येला कुनी हात लावायचा न्हाई. लायसन तिच्या नावाचं हाय. पोलिसानं बजावलंय." आणि ते पुन्हा कोयता पुसू लागले.

सायलीनं पेटी आणली. मुठीच्या स्क्रूच्या खाचेत एक लाल कण होता.

"कुंकू," सायली म्हणाली. "खंडेनवमीला बाबांनी अवजारांसोबत हेही पुजलं होतं, माझ्यासमोर. पण त्यानंतर दोन महिने झकास चाललं की!"

"पेटीच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्या गळ्यात, एक देव्हाऱ्यात."

निघताना ताईंनी त्या निळ्या बाटलीतलं थोडं खोबरेल मागून घेतलं. डोकं दुखतंय म्हणे! आयुष्यात डोक्याला तेल न लावणाऱ्या ताई. कौस्तुभ बघतच राहिला.

"सायली, उद्यापर्यंत पेटी उघडू नकोस, दोन्ही किल्ल्या तुझ्याजवळ ठेव. सकाळी साडेसहाला रेंजवर ये. वाल्मीकभाऊ, तुम्हीही या."

"माजं काय काम तितं? गुरं हायेत."

"उद्याच्या दिवस या."

परतताना कौस्तुभला राहवेना. "अहो ताई, आठला चाचणी! जे काय कळलंय ते आत्ताच सांगा ना!"

"आत्ता सांगून कुणाला पटणार नाही. हा पुरावा दुपारी दिसत नाही, थंडीतच दिसतो."

कौस्तुभच्या डोक्यात काही म्हणता काही शिरलं नाही.

रविवारी रेंजवर हुडहुडी भरवणारी थंडी होती. ताईंनी दोन वाट्यांत काहीतरी ओतून त्या कट्ट्यावर ठेवल्या. वाल्मीकभाऊ कानाला मफलर गुंडाळून कोपऱ्यात उभे होते. आले होते खरे, पण नजर वर करत नव्हते.

सायलीनं सरावाची पहिली गोळी भरली. टक्. जागेवरच थांबून, नियमानं वाट बघून तिनं ती काढली, दुसरी भरली. टक्.

घड्याळात पावणेसात झाले होते. सायलीनं पिस्तूल रिकामं करून ठेवलं आणि खिशातून पाकीट काढलं. "बास झालं, ताई. मी चालले ऑफिसात."

"आधी या वाट्या बघ," ताई म्हणाल्या. "एकीत काकांकडचं बंदुकीचं तेल आहे, दुसरीत खोबरेल."

एका वाटीतलं तेल हलत होतं. दुसऱ्या वाटीत पांढराशुभ्र गोळा बसला होता.

"आता काका, पिस्तूल उघडा."

काकांनी पिनेकडचा भाग सोडवला. पिनेभोवती पांढरट, चिकट थर होता.

"गोळ्या चांगल्या होत्या, जुईलीच्या पिस्तुलात सुटल्या," ताई बोलू लागल्या. "स्प्रिंग नवी, पिन शाबूत. तरी खूण उथळ. म्हणजे पिनेला वाटेत कुणीतरी धरून ठेवत होतं. सकाळीच धरायचं आणि दुपारी सोडायचं. माणूस असा वेळ पाळत नाही, खोबरेल पाळतं. म्हणून तर थंडीत बाटली उन्हाला ठेवतो आपण. काका दुपारी उघडायचे तेव्हा त्यांना साधं पातळ तेलच दिसायचं. ते पुसलं की दोन दिवस बरे जायचे, आणि शनिवारनंतर पुन्हा तेच. सायली एक थेंब घालते, तेही नळीला. काकांना आत तेल भरपूर दिसलं. मग ते कुणाचं?"

"दोन वेण्यांचा वास!" जुईली ओरडली.

"आणि मला तर वेणीच नाही," सायली पुटपुटली. "पण ताई, पूजा तर ऑक्टोबरात झाली. तेव्हा का नाही अडलं?"

"तेव्हा थंडी कुठं होती?"

कौस्तुभनं कपाळावर हात मारला. काल संध्याकाळी बाटली, कोयता, मारुती, सगळं त्याच्या नाकासमोर होतं!

"पण घातलं कुणी?" काकांनी विचारलं.

"नाव मी सांगू शकते. पण ज्याचं त्यानं सांगितलेलं बरं."

मग कोपऱ्यातून आवाज आला.

"म्या."

सायली गर्रकन वळली.

"खंडेनवमीला हातात घेतलं तर कोरडं ठाक वाटलं," वाल्मीकभाऊ म्हणाले. "म्हनलं, लोखांड हाय, गंजंल. तवापास्नं दर शनवारी, तू कॉलेजात गेलीस की देव्हाऱ्यातली किल्ली घ्यायची, फटीतनं तेल सोडायचं... तू म्हनतीस, बा कदी बगाया येत न्हाई. येऊन काय करू? मला ह्यातलं काय कळतंय? तेलातलं कळतंय, म्हनून तेल घातलं. पोलिसाच्या भ्यानं काल बोललो न्हाई." त्यांनी मफलरनं डोळे टिपले. "मीच तुजा घात केला गं, पोरी."

तीन वर्षं ती ज्या माणसावर रुसली होती, तो दर शनिवारी तिच्या पेटीपाशी बसत होता. ती त्यांच्याजवळ गेली आणि त्यांचा तेलकट हात तिनं दोन्ही हातांत घट्ट धरला.

"सायली, रडायला दिवस पडलाय," काका म्हणाले. "तासाभरात हे लख्ख करायचंय."

तिनं पाकीट त्यांच्यापुढं धरलं. "काका, यात तुमचं नाव लिहिलंय मी. माफ करा."

काकांनी आतला कागद न वाचताच टेबलावर उलगडला आणि पिस्तूल त्यावर ठेवलं. "बरं झालं आणलंस. टेबल खराब होत होतं."

आठला चाचणी सुरू झाली. वाल्मीकभाऊ प्रत्येक गोळीला दचकत होते आणि बोटांवर मोजत होते. पहिल्या पाच, पाचही सुटल्या. पुढच्या पाच, त्याही. कौस्तुभच्या मुठी वळलेल्याच होत्या, शेवटची, साठावी गोळी सुटली तेव्हा त्या उघडल्या.

दुपारी यादी लागली. जुईली पहिली, सायली दुसरी, दोघीही संघात.

वाल्मीकभाऊंनी काकांना बाजूला घेतलं. "निस्तं एका थेंबानं भागतंय व्हय त्येचं?"

"भागतंय."

"बाबा," मागून सायली म्हणाली, "शनवारी तुमी शेजारी बसा. थेंब मी घालते, मोजायचा तुमी."