तारूच्या मनगटातली पिन

आजोबांनी पिनेवर हलकेच नख फिरवलं आणि अबोली पुढे वाकून बघू लागली. लखलखणाऱ्या निकेलच्या मुलाम्याचा (धातूच्या पातळ थराचा) पापुद्रा कांद्याच्या सालासारखा सुटून आला. तोही कुठे, तर फक्त दोन ठिकाणी, समोरासमोर. बाकीची पिन ठणठणीत!

"असं कसं हो आजोबा? मी तर घासून घासून आरसा केला होता तिचा!" अबोली रडवेली झाली.

ही गोष्ट घडायला अजून तीसेक वर्षं आहेत बरं का! पण शेवरेबंदर गावात तेव्हाही खारा वारा असणारच आणि लोखंड गंजणारच. मुलांना खाडीपलीकडच्या शाळेत पोचवायला गावात एक यंत्रमानव होता, त्याचं नाव तारू. गेल्या वर्षी अबोली धक्क्यावरून घसरून पाण्यात पडली, तेव्हा तारूनं खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून तिला वर ओढलं. पोरगी वाचली, पण खारं पाणी तारूच्या मनगटात शिरलं. आतली पोलादी पिन गंजली आणि हात आखडला. तसली पिन आता कुठे बनतही नव्हती. उद्या सकाळी सरकारी तपासणी होती. हात चालला नाही, तर तारू सरळ भंगारात.

अबोलीचे आजोबा धातुशास्त्रज्ञ (धातूंचा अभ्यास करणारे) होते. निकेल सहजासहजी गंजत नाही, म्हणून पिन साफ करून तिच्यावर निकेल चढवायचं त्यांनी ठरवलं. साफसफाईचं काम अबोलीनं हट्टानं मागून घेतलं होतं.

"धुतल्यावर काय केलंस ते आठव बघू," आजोबा म्हणाले.

"काही नाही. नुसती चिमटीत उचलून डोळ्यांसमोर धरली. नमस्कार केला."

"हातमोजे घालूनच ना?"

"इश्श! हातमोजे घालून कुणी नमस्कार करतं का? काढले की!"

आजोबा खो खो हसत सुटले. "अगो बाय, दोन बोटं आणि दोन ठिगळं! सापडला की चोर!"

"पण माझे हात स्वच्छ होते!"

"डोळ्यांना स्वच्छ. कातडीतून तेल पाझरतच असतं, आणि कपाळावर तर विचारूच नको. मला सांग, तेलकट कपाळावर टिकली टिकते का?"

"छे! अर्ध्या वाटेत गळते."

"तसंच हे. द्रावणातले निकेलचे आयन (विद्युतभार असलेले अणू) विजेच्या ओढीनं पिनेकडे येतात. तिथे त्यांना इलेक्ट्रॉन मिळतात, त्यांचा पुन्हा धातू होतो आणि तो लोखंडाच्या अणूंना थेट बिलगतो. ती मिठी म्हणजेच पक्का मुलामा. मधे तेलाचा पडदा आला, की मिठी बसणार कशी?"

तारू कोपऱ्यात आखडलेला हात पोटाशी धरून ऐकत होता. अबोलीला त्याच्याकडे बघवेना. आभार मानायला गेली आणि नेमकं त्याचंच नुकसान करून बसली.

"पुन्हा करू," आजोबा म्हणाले, "पण ही शेवटची संधी हं. दरवेळी घासलं की पिन जराशी झिजते. आणखी झिजली तर भोकात खुळखुळेल."

अबोलीनं चष्मा चढवला, हातमोजे घातले. पॉलिश पेपरनं जुना मुलामा घासून काढला. मग धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात पिन ब्रशनं घासली, कारण सोडा तेलकटपणा सोडवतो.

"झाली स्वच्छ!"

"मला नको सांगू, पाण्याला विचार. वर पाणी ओत."

पाणी पिनेवरून पसरलं, पण एका टोकाला त्याचे थेंब झाले.

"थेंब झाले म्हणजे तिथे तेल आहे. पाणी त्याच्यापासून अंग चोरतं. स्वच्छ धातूवर ते सलग पसरतं, कुठेही तुटत नाही."

अबोलीनं न कुरकुरता पुन्हा घासलं. या वेळी पाण्याची एकसंध चादर झाली. आता व्हिनेगरची अंघोळ. हवेतल्या प्राणवायूमुळे धातूवर ऑक्साइडचा (गंजाच्या भावंडाचा) न दिसणारा थर बसतो, तो त्यात विरघळतो. शेवटी शुद्ध पाणी, आणि ओली पिन तांब्याच्या तारेनं धरून लगेच द्रावणात. निकेलचं द्रावण विषारी, त्यामुळे ते काम आजोबांनीच केलं. अबोलीनं लांबूनच हात जोडले आणि मनातल्या मनात म्हणाली, 'या वेळी धरून ठेव बाबा!'

थोड्या वेळानं आजोबांनी पिन बाहेर काढून धुतली. नख फिरवलं, वाकवून बघायचाही प्रयत्न केला. पापुद्रा कुठेच सुटला नाही. मग रात्रीच त्यांनी ती तारूच्या मनगटात बसवली.

सकाळी तपासणीसबाई आल्या. "काहीतरी जड उचल बघू," त्या तारूला म्हणाल्या.

तारूनं इकडेतिकडे बघितलं आणि सरळ अबोलीलाच उचललं. मनगट जरासुद्धा कुरकुरलं नाही. पिन अबोलीनं साफ केली हे ऐकून बाईंनी कौतुकानं मनगटातली ती चकाकती पिन निरखली. "किनाऱ्यावर असे गंजलेले यंत्रमानव पुष्कळ आहेत हो आजोबा. तुमची ही नात शिकवील का बाकीच्या मुलांना?"

आजोबांनी हसून नातीकडे बोट दाखवलं. पण तिचं लक्षच नव्हतं. ती तारूच्या गळ्यात पडली होती.

"त्या दिवशी मी इतकी घाबरले होते, की तुझे आभार मानायचेच राहिले," ती म्हणाली. "तू होतास म्हणून मी आहे रे."

"मी आहे तोही तुझ्यामुळेच," तारू म्हणाला, आणि शाळेची वेळ झाली म्हणून तिला तशीच कडेवर घेऊन खाडीच्या वाटेला लागला.