खर्ज लावलेला आवाज

रविवारी सकाळी मेथी निवडता निवडता मुलाशी फोनवर बोलायचं, हा सुजाताबाई पिसे यांचा ठरलेला शिरस्ता होता. फोन स्पीकरवर टाकून टोपलीला टेकवला की हात मोकळे राहतात, आणि भाजी निवडताना माणूस सावकाश बोलतो, फोन ठेवायची घाई करत नाही, असं त्यांचं म्हणणं. कऱ्हाडच्या त्यांच्या घरात पुढच्या खोलीत नवऱ्याचं, हणमंतरावांचं, शाळेचे गणवेश शिवायचं दुकान होतं. रविवारी ते बंद असे. त्यामुळे हणमंतरावही चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरात बसले होते. मुलगी शलाका पुण्याहून आली होती आणि आईच्या शेजारी बसून मेथीच्या काड्या मोडत होती.

“आई, निहार बोलतोय.”

नाशिकहून आलेला आवाज स्वयंपाकघरभर पसरला. खालच्या पट्टीतला, भरदार, जराही न अडखळणारा. चष्म्याआडून डोळे मिचकावत बोलणाऱ्या किडकिडीत निहारचा हा आवाज आहे हे माहीत नसतं, तर कुणीतरी मोठे साहेब बोलताहेत असंच वाटलं असतं. सुजाताबाईंनी कौतुकानं नवऱ्याकडे पाहिलं.

हणमंतरावांनी मान थोडी पुढं केली. “काय रं, बरंय का?”

“बरंय बाबा.”

“काम?”

“चालू आहे.”

“हं. आईशी बोल.”

बापलेकाचं बोलणं संपलं. हणमंतराव गेली कित्येक वर्षं एवढ्याच वाक्यांवर बापपण निभावत आले होते आणि त्यात काही कमी आहे असं घरात कुणालाच वाटलं नव्हतं.

सुजाताबाईंचं तसं नव्हतं. निहार शिकायला वसतिगृहात होता तेव्हा त्याच्या पहिल्या शब्दाला त्या विचारायच्या, “आवाज असा का येतोय? सर्दी झालीय का? कुणी काही बोललं का?” बहुतेक वेळा कुणीतरी काहीतरी बोललेलंच असायचं. मग अर्धा तास त्याचं गाऱ्हाणं ऐकायचं, त्याला हसवायचं आणि शेवटी जेवायला पाठवायचं. निहारच्या फोनवर खर्ज आल्यापासून हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता.

गाण्यातल्या खालच्या सुरांचं नाव त्या करामतीला कुणीतरी हुशारीनं दिलं होतं. खर्ज फोनच्या आत बसतो. पुरुष बोलू लागला की त्याचा आवाज ऐकतो, क्षणार्धात नव्यानं घडवतो आणि मगच पुढं पाठवतो. बोलणारा तोच, शब्दही तेच, पण चाचरणं गेलेलं असतं, कंप गेलेला असतो आणि पट्टी खाली उतरलेली असते. तो चालू असला की फोनच्या कडेला एक बारीक हिरवी रेघ पेटते. कॉलेजातली पोरं ती रेघ मिशीला ताव दिल्यासारखी मिरवत.

या खर्जाची आई म्हणजे एक मालिका. तिच्या नायकाचं नावच अभेद्य. हा अभेद्य भिंत फोडून घरात यायचा, पण जेवलेलं ताट काही स्वतः उचलायचा नाही. त्याला गोळी लागली तर तो हसायचा, आणि बहीण सासरी निघाली तर खिडकीबाहेर बघायचा. अख्खं राज्य ती मालिका बघत होतं आणि पिशांचं घरही त्यात होतं. निहार तेव्हा शाळेत होता. मित्रांनी मैदानावर बदडलं म्हणून तो एकदा रडत घरी आला, तेव्हा हणमंतराव मशीनवरून मान न उचलता म्हणाले होते, “अभेद्य रडतो का रं कधी?” त्यानंतर निहार बरेच दिवस आरशासमोर उभा राहून जाड आवाजात बोलायचा आणि सगळे त्याला हसायचे. शलाकाही हसायची.

तिला आता त्याचं हसू येत नव्हतं, कारण मालिका काढणाऱ्या कंपनीनंच पुढं खर्ज बनवला होता आणि शलाका त्याच कंपनीत आवाज तपासायचं काम करत होती. प्रेक्षक कुठं थांबतो, कुठं बोटानं दृश्य पुढं ढकलतो, याची नोंद कंपनीकडे आपोआप जमा होई. सुरुवातीच्या भागांत अभेद्य एकदोनदा रडला होता. तरुण पोरांनी नेमकी तीच दृश्यं पुढं ढकलली. लेखकांनी निमूटपणे त्याचं रडणं काढून टाकलं. मग या नायकाच्या आवाजावर यंत्राला शिकवायचं ठरलं तेव्हा शलाकासारख्या मुलींना हेडफोन लावून बसवलं. त्यांनी आवाजाचे तुकडे ऐकायचे आणि जे नको ते ‘गाळ’ म्हणून वेगळं काढायचं. कुकरची शिट्टी गाळ. पंख्याची घरघर गाळ. शेजारच्या मिक्सरचा आवाज गाळ. आणि आवंढा, हुंदका, थरथर? शलाकानं साहेबांना विचारलं होतं. साहेब म्हणाले, नायकाच्या आवाजात हे कुठंय? मग तेही गाळच. तिनं तसं केलं. चहा पीत पीत, दिवसचे दिवस तिनं तसं केलं.

“काल रात्री जेवलास का रे?” सुजाताबाईंनी फोनला विचारलं.

फोन क्षणभर गप्प राहिला. मग तोच भरदार आवाज आला. “जेवलो.”

शलाकाचा हात मेथीच्या जुडीवर थांबला. आवाजात काहीच नव्हतं. तिला खटकलं ते आधीचं गप्प राहणं. खर्जाला एरवी जाणवेल इतका वेळ लागत नाही. पण उपसायला गाळ फार असला तर तो मागं पडतो. एका शब्दाच्या उत्तराला एवढा वेळ लागावा, इतकं काय होतं त्या एका शब्दात?

“आई, मी घरी येऊ का?” निहारनं विचारलं. आवाज असा, की जणू एखादी सभा तहकूब करतोय.

“दिवाळीला येशीलच की आता,” सुजाताबाई हसत म्हणाल्या. “नवी नोकरी आहे, उगाच रजा कशाला मागतोस?”

पुन्हा तसंच थांबणं, या वेळी आणखी लांब. “हो. तेही खरंच.”

“निहार,” शलाका एकदम म्हणाली, “खर्ज बंद कर.”

“का गं ताई?”

“बंद कर. आपण घरातलेच आहोत.”

“नको ताई.” मग थोड्या वेळानं, “ऑफिसात तो लावूनच बोलावं लागतं. दिवसभर लोकांना छपरावर सौरयंत्रं बसवा म्हणून सांगायचं असतं. एकदा बंद राहिला होता, तर सगळ्यांनी त्या फोनचं रेकॉर्डिंग टेबलावर लावून पुन्हा पुन्हा ऐकलं. माझा आवाज म्हणे दूधवाल्या पोरासारखा येतो. आता बंद केला की माझा मलाच परका वाटतो.”

हे सगळं त्यानं बातम्या वाचाव्यात तसं सांगितलं. सुजाताबाईंनी मेथी खाली ठेवली. काहीतरी चुकतंय एवढं त्यांना कळलं, पण कानाला काहीच सापडत नव्हतं.

“माझ्यासाठी कर,” शलाका म्हणाली. “निहार, मी हात जोडते.”

मग फोनमधून एक बारीक, चिरकलेला आवाज आला. नाकातून, रडून रडून बसलेला. “आई गं,” तो म्हणाला आणि त्याला पुढं बोलताच येईना.

सुजाताबाईंनी फोन दोन्ही हातांत घेतला. “बाळा! अरे आवाज असा का येतोय? काय झालं राजा?”

तुटक तुटक करत त्यानं सांगितलं. कामावर जाणं त्यानं कधीच सोडलं होतं. खोलीचं दार आतून लावून तो पडून असायचा. जेवण जात नव्हतं. सकाळ झाली की वाटायचं, आता उठूच नये, कधीच उठू नये. “मी तुला दर रविवारी सांगत होतो गं आई,” तो म्हणाला, “फोनवर रडत होतो. तू म्हणायचीस, किती छान आवाज येतोय.”

सुजाताबाईंच्या डोळ्यांना धार लागली. पण त्या बाईचं डोकं जागेवर होतं. आम्ही आत्ताच्या आत्ता गाडी काढतो, म्हणाल्या. तोवर नाशिकरोडची बेबीमावशी तुझ्याकडे येऊन बसेल, दार उघडं ठेव. निहार हो म्हणाला. मी तोंड धुतो, म्हणाला. फोन ठेवताच त्यांनी मावसबहिणीला लावला आणि नवऱ्याकडे वळून पाहिलं. हणमंतरावांची खुर्ची रिकामी होती. चहा तसाच होता.

शलाका त्यांना शोधत पुढच्या खोलीत गेली. बंद दुकानात, अर्धवट शिवलेल्या खाकी हाफपँटींच्या ढिगापाशी, हणमंतराव मशीनवर ओणवे झाले होते. बायको-मुलीसमोर त्यांना ते जमलं नसतं, म्हणून ते इथं आले होते. आपल्या फोनवरून त्यांनी स्पीकर लावून निहारला फोन केला होता आणि ते रडत होते. शलाका उंबऱ्यातच थबकली. आजी गेली तेव्हासुद्धा हा माणूस तिरडीच्या बांबूंची चौकशी करत होता. वडिलांना रडताना ती जन्मात पहिल्यांदा बघत होती.

“निहार,” ते म्हणाले. मग तोंडातून नुसते हुंदकेच बाहेर पडले. माझं चुकलं रं पोरा, असं काहीतरी ते म्हणत होते, पण शब्द हुंदक्यात पार बुडालेले होते. खांद्यावरची मापाची टेप हलत होती.

“बाबा?” फोनमधून निहारचा उघडा आवाज आला. “बोला ना. रागावलात का?”

हणमंतरावांनी जोरजोरानं मान हलवली, जणू तो समोरच उभा आहे. घसा खाकरून कसंबसं म्हणाले, “न्हाई.” आणि पुन्हा कोसळले.

“मला माहीत होतं,” निहार म्हणाला. “तुम्हाला हे आवडायचं नाही.”

मग दुकानात एक भरदार, ठाम आवाज घुमला. “बाबा, मी ठीक आहे. उगीच आईला घाबरवलं. तुम्ही कुणी येऊ नका, मावशीलाही मी नको म्हणून सांगतो. काळजीचं कारण नाही.” आणि फोन बंद झाला.

हणमंतरावांनी बाहीला डोळे पुसले. चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी आलं. “सावरला बघ,” ते मुलीला म्हणाले. “आवाज बघ कसा पक्का झाला.”

शलाका त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हती. ती त्यांच्या हातातल्या फोनकडे बघत होती. पहिल्या पगारातून निहारनं गुढीपाडव्याला बाबांसाठी घेतलेला फोन. चालू करताना नाव विचारलं, वय विचारलं, पुरुष की स्त्री विचारलं, आणि पुरुष म्हटल्यावर बाकीचं फोननं स्वतःच ठरवून टाकलं होतं. फोनच्या कडेला बारीक हिरवी रेघ पेटलेली होती.

“बाबा, तुमच्या फोनला खर्ज आहे.” बोलतानाच तिनं तो त्यांच्या हातातून घेतला, खर्ज बंद केला आणि निहारचा नंबर पुन्हा लावला. रेघ विझली. पलीकडे घंटी वाजू लागली.

“म्हंजे?”

“म्हणजे खर्जानं तुमचं रडणं पुढं पाठवलंच नाही. त्यात जे शब्द होते तेही नाही. निहारला तुम्ही फक्त त्याचं नाव घेतलेलं आणि ‘न्हाई’ म्हटलेलं ऐकू गेलं. मध्ये सगळं गप्प.” तो हुंदका गाळ आहे हे यंत्राला कुणी शिकवलं, हे तिला सांगायचं होतं. सांगायला वेळ नव्हता आणि धीरही नव्हता.

आतून सुजाताबाईंचा आवाज आला. “निघाली गं बेबी! रिक्षात बसली. निहारनं नको म्हणून सांगितलंय म्हणे तिला, मी म्हटलं तू जाच.”

घंटी वाजत होती. निहार उचलत नव्हता. शलाकानं गाडीची किल्ली खिळ्यावरून काढली आणि फोन तसाच स्पीकरवर धरून वडिलांचा दंड पकडला. “चला बाबा. वाटेत लावत राहू. त्यानं उचलला की तुम्ही बोला. रडू आलं तर रडा, थांबवू नका.”

हणमंतराव उठले नाहीत. विझलेल्या त्या रेघेच्या जागेकडे ते बघत होते. कापड कापून झाल्यावर गणवेशाचं माप चुकलंय हे कळलं की व्हायचा, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

“हा फोन पाडव्याला आला,” ते हळूच म्हणाले. “त्याच्या आधी तर घरात खर्ज नव्हता. पोरगं ल्हानाचं मोठं झालं माझ्यासमोर. मग शलाका, तवा त्याला माझं काय ऐकू जात हुतं गं?”