धारला निघालेल्या गाडीची किल्ली

"या देवास शहरात असं एकही रहस्य नाही, जे मी अर्ध्या तासात उलगडू शकत नाही," यशवंतरावांनी जाहीर केलं.

"मग दुधावरची साय रोज कोण खातं, ते आधी उलगडा," स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नीचा आवाज आला.

"त्याचा तपास चालू आहे."

शेजारी बसलेल्या श्रीपादने घाईघाईने मिशी पुसली.

श्रीपाद शाळेत चित्रकला शिकवी आणि रविवारी यशवंतरावांचा सहायक होई. खासगी गुप्तहेराला सहायक लागतो आणि श्रीपादला सकाळी चहा लागे, म्हणून हे जमून गेलं होतं.

तेवढ्यात दारात भैयासाहेब उभे राहिले. कारखान्यात दीडशे माणसं ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने उभी राहत, त्यांच्या पायांत आज दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

"यशवंतराव, गाडीची किल्ली गेली! दोन तारखा आधीच हुकल्यात, आज एक वाजता धारला आमच्या अलकाची सुपारी फुटायची आहे. आज पोचलो नाही, तर मुलाकडचे संध्याकाळी मनावर गावची मुलगी बघायला जाणार. तसं कळवलंय त्यांनी."

"मागच्या दोन तारखांना काय झालं होतं?"

"पहिल्यांदा घाटाबिल्लोदच्या पुढे गाडी गव्हात शिरली."

"आणि दुसऱ्यांदा?"

"हरभऱ्यात."

"दुसरी किल्ली असेल की."

"आहे ना, अगदी सुरक्षित. गाडीत आहे. गाडीला कुलूप आहे. आणि काच फोडायला हात धजत नाही हो, सहाच महिने झालेत."

गाडी भैयासाहेबांच्या अंगणात उभी होती. पांढरी, काडेपेटीच्या आकाराची, घरातल्या सात जणांसाठी सात जागा. तिला भैयासाहेबांशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा नियम होता. भैयासाहेबांना ती चालवता येत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं.

"किल्ली कुठे असते?"

"रात्री देवघरात, बाळकृष्णाशेजारी. घेतल्या दिवसापासून."

पहिली साक्ष भैयासाहेबांच्या वडिलांची. कृष्णराव संस्थानच्या काळात कारभारी होते, आणि संस्थान गेलं हे त्यांनी अजून पुरतं मान्य केलं नव्हतं.

"आम्हास विचारता? आम्ही आज देवघरात पाऊलदेखील टाकलेलं नाही. सूनबाई म्हणाली, मामंजी, तुम्ही चहा घ्या, देवांचं मी बघते. चाळीस वर्षांत प्रथमच आमची पूजा चुकली. त्यातून पाणी दिलं ते स्टीलच्या पिंपातलं! तांब्याचं पातेलं सकाळपासून दिसत नाही."

"अण्णा, पातेल्याचं नंतर," भैयासाहेब कळवळले.

दुसरी साक्ष भैयासाहेबांच्या थोरल्या बहिणीची. विद्युल्लताबाई तयार होऊन, पर्स पोटाशी धरून बसल्या होत्या.

"मी कशाला घेऊ किल्ली? मला मागच्या बाकावर बसवतात. गुडघे कानाला लागतात. दोन्ही बाजूंना या जुळ्या, एक डावीकडे ओकते, एक उजवीकडे."

"आत्या, झूठ मत बोलो," दाराआडून अलकाच्या दोन्ही धाकट्या बहिणी एका सुरात म्हणाल्या.

"म्हणजे गाडी जाऊ नये, असं तुम्हाला वाटत होतं?" श्रीपादने वहीत 'हेतू' लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

"गाडी जाऊ नये असंच वाटतं. पण अलका जावी असंही वाटतं."

अलका नेसून, गजरा माळून तयार होती. डोळे तेवढे सुजले होते.

"काका, मला मुलगा पसंत आहे. चालत जा म्हणालात तर जाईन. मी किल्ली लपवेन का?"

"देवाला नमस्कार केलास?"

"गेले होते. आई म्हणाली, उंबऱ्याबाहेरूनच कर. आत पडदा ओढलेला होता."

शेवटी भैयासाहेबांच्या पत्नी, सरलाबाई. त्या पुऱ्यांचा डबा बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "किल्ली चोरीला गेलेली नाही. घरातच आहे. शुभकार्याच्या दिवशी मी खोटं बोलणार नाही."

यशवंतरावांनी सगळ्यांना माजघरात बसवलं. श्रीपादने आत्याबाईंकडे सहेतुक पाहिलं.

"ती नजर आवर, श्रीपाद. चोर बाहेरचा असता, तर देवघरातली चांदी गेली असती. बरं, जी किल्ली देवांशेजारी होती, तिच्याबरोबर आज आणखी काय दिसेनासं झालं? तांब्याचं पातेलं. अण्णांना पूजेपासून दूर ठेवलं गेलं. अलकाला देव दिसू दिले नाहीत. म्हणजे देव जागेवर नाहीत. पातेलं जागेवर नाही. देव आणि पातेलं एकत्र कधी येतात?"

कृष्णरावांनी डोळे मोठे केले. "सूनबाई! देव पाण्यात ठेवलेस?"

सरलाबाईंनी डबा खाली ठेवला.

"पहाटे ठेवले. दोनदा शेतातून माझ्या लेकी मी उचलून आणल्या. ह्यांना सांगायची सोय नाही. मग देवांना सांगितलं, ह्यांना गाडी चालवता येऊ दे, तोवर तुम्ही पाण्यात."

"पण किल्ली कशाला?" भैयासाहेबांचा आवाज चिरकला.

"कशाबद्दल आहे ते देवांना नीट कळावं म्हणून."

यशवंतरावांनी घड्याळ पाहिलं. एकोणतीस मिनिटं. "प्रकरण संपलं. काढा किल्ली."

"खबरदार!" कृष्णराव गरजले. "नवस फिटल्याखेरीज त्या पाण्यात हात घालायचा नाही."

सगळ्यांच्या ध्यानात पेच आला. श्रीपादला जरा वेळ लागला, पण त्याच्याही ध्यानात आला.

"म्हणजे भैयासाहेबांना गाडी चालवता आल्याशिवाय किल्ली बाहेर येणार नाही... आणि किल्ली बाहेर आल्याशिवाय..."

"वाक्य पुरं करू नकोस," यशवंतराव म्हणाले.

भैयासाहेब खाली बसले. त्यांनी आधी वडिलांकडे पाहिलं, मग बहिणीकडे, मग जुळ्यांकडे. प्रत्येकजण कुठेतरी दुसरीकडे बघत होता.

"इतकी वाईट चालवतो मी?"

अलका त्यांच्याजवळ येऊन बसली.

"बाबा, नऊची बस आहे. एकच्या आत पोचते."

श्रीपादने डबे स्टँडवर नेले. बस भरलेली होती. सात जण सात ठिकाणी कोंबले गेले. आत्याबाईंना खिडकी मिळाली आणि त्यांनी पाय लांब केले. सरलाबाईंनी मुलीचा गजरा सारखा करताना डोळे टिपले, आणि अलका दोन महिन्यांत पहिल्यांदा हसली.

भैयासाहेबांना जागा मिळाली ती ड्रायव्हरशेजारी, इंजिनच्या झाकणावर. त्यांनी कोट सारखा केला, ड्रायव्हरचे हात बराच वेळ निरखले, मागे कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं आणि त्याला हळूच म्हणाले,

"भिया, एक बार हॉर्न मैं बजा लूँ?"