जीपमधला तिसरा आवाज

बहात्तरच्या दुष्काळात मी जतला वायरलेसवर होतो. फौजेच्या सिग्नलमध्ये उमेदीची वर्षं घालवून आलेला हवालदार, इथं टँकरच्या खेपा सांगायच्या कामाला लागला.

जीपमध्ये सेट मीच बसवला. मागच्या बंपरला एरियल, सीटखाली जादा बॅटरी, रंग खरवडून अर्थिंगची वायर. लायसन्सवर दोनच स्टेशनं होती. एक सांगलीचं विश्रामबागेतलं ऑफिस आणि दुसरी ही जीप. तिसऱ्याकडे सेटच नव्हता.

जीप बिराप्पा चालवायचा. त्याची आई साळूबाई माळावरच्या वस्तीत एकटीच राहिली होती. बाकीचे खडी फोडायच्या कामावर गेलेले. ही कोकरं राखत मागं. विहीर आटलेली, त्यामुळे तिची सगळी भिस्त टँकरवर. सेट तपासायला एकदा तिच्या दारात जीप उभी केली, तर म्हातारी बघतच राहिली.

"ह्यात बोललं की सांगलीचा सायब ऐकतोय व्हय?"

"ऐकतो की. बोलायचं आणि शेवटी ओव्हर म्हणायचं. मग समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं."

तिनं हातातला पितळी तांब्याच तोंडाशी धरला. "पानी धाडा. ओवर," म्हणाली आणि खुदकन हसली. बिराप्पाही हसला.

पुढे मंत्र्यांचा दौरा ठरला. सांगलीहून साहेबांचा हुकूम आला, टँकर रस्त्यावर पाणी मारायला लावा, गाड्यांना धूळ नको. माणसं तहानेनं मरताहेत आणि ह्यांना धुळीची पडलीय! मी वस्तीचं नाव घेऊन पुन्हा विचारलं.

"आधी रस्ता. आऊट," साहेब म्हणाले. आऊट म्हटलं की बोलणं संपलं. खालच्यानं पुढं तोंड उघडायचं नसतं.

वस्तीच्या खेपा चुकत गेल्या. बिराप्पा रोज विचारायचा, मी रोज नकाराची मान हलवायचो.

दौऱ्याच्या दिवशी भर दुपारी आम्ही त्या ओल्या रस्त्याच्या कडेला उभे होतो. ओल्या मातीचा वास येत होता आणि त्या वासाचीच मला चीड येत होती. सेट खरखरला.

"टँकर आला न्हाई. ओवर."

बिराप्पा ताठ बसला. "हवालदार, ही आमची आई हाय."

कुणीतरी थट्टा करतंय म्हणून मी भडकून सांगलीला विचारलं. तिथला ऑपरेटर अजितकुमार गोंधळला. "आम्ही नाही बोललो. बाई तुमच्याच जीपमधनं बोलतीया न्हवं?"

मी एरियल काढली.

"कोकरास्नी पाजलं. मला उरलं न्हाई. ओवर."

मी सेटच्या बॅटरीची वायर उपसली. सेटवरचा दिवा विझला.

"ऐकतायसा न्हवं? ओवर."

बिराप्पानं जीप सरळ माळावर घातली.

कोकरं सावलीत धडधाकट उभी होती. त्यांच्यापुढची परात चाटून लखलखीत झालेली. साळूबाई दारात भिंतीला टेकून बसली होती, अंग लाकडासारखं ताठ. ती पहाटेच्या आधीच गेली होती. फौजेत राहिलेल्या माणसाला एवढं कळतं. तांब्या तोंडाशी होता. आत थेंब नव्हता.

बिराप्पानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. तो रडला नाही. जीपमधून अजून तिचा आवाज येत होता.

"आवं हवालदार," तो म्हणाला, "तिला उत्तर द्या की कुनीतरी."

मी वायर जोडली, एरियल लावली, सांगलीला हाक दिली. साहेब स्वतः सेटवर आले.

"कोण आहे ही बाई? मघाशी आमचा सेट बंद केला तरी बोलत होती. मी सारखं आऊट म्हणतोय!"

त्यांच्या मागून, त्यांच्याच खोलीतून, स्पष्ट ऐकू आलं.

"पानी धाडा. ओवर."

आऊट तिला कुणी शिकवलंच नव्हतं.